हरकतीचा अर्धा तास

फोन वाजला तेव्हा तो सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मध्ये, लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा होता. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात ग्रीसने माखलेलं फडकं, आणि तोंडात पाना धरायची ती वाईट सवय, जी सुटावी म्हणून बायको वीस वर्षं कानीकपाळी ओरडत होती. खाली तळमजल्यावर त्याचा जोडीदार ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावून लोकांची बोलणी खात बसला होता. लिफ्टच्या त्या उभ्या पोकळीत, शाफ्टमध्ये, एरवी फोन लागत नाही. लागू नये हेच बरं. अंधारात तारेच्या दोरांमध्ये उभ्या असलेल्या माणसाला कुणी दचकवू नये. पण आज लागला. त्याने पाना तोंडातून काढून खिशात ठेवला, फडकं खांद्यावर टाकून फोन कानाला लावला, आणि पलीकडून लंब्याचा आवाज आला.

“पाचव्या, काहीतरी घट्ट धरून उभा राहा.”

“धरूनच उभा आहे. बोल.”

“अरे, आपण जिंकलो होतो!”

लंब्या कॉलेजच्या क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे रानातून लांब पळायच्या शर्यतीच्या, संघातला. आता शाळेत गणित शिकवतो, आणि फळ्यावर लिहीत असल्यासारखाच बोलतो. कॉलेजच्या जिमखान्याची जुनी इमारत पाडायला काढली आहे म्हणून तो एकदा शेवटचं बघून यायला गेला होता. तिथे त्यांच्या वर्षीच्या अजिंक्यपदाचा निकाल अजून भिंतीवर काचेत होता. बेरीज दिसली की करून पाहायची, ही मास्तरकीची खोड. “लाल बनियनवाले आठवतात? त्यांचे पाचच जण सुटले होते, पोचले चारच. पाच पोचले नाहीत तर तो संघच धरत नाहीत, त्यांचे सगळे क्रमांक संघांच्या हिशोबातून काढून टाकायचे असतात. काढलेच नाहीत रे कुणी! आता बघ. जिंकलेल्यांचे पाचही जण आणि आपले चौघे त्या लालवाल्यांच्या आधीच आत. फक्त तूच मागे. दोन लालवाले तुझ्या पुढे, एक आधी गेला तो, आणि एक शेवटच्या क्षणी तुला मागे टाकून गेला तो. दोघांना काढ. तुझे दोन गुण कमी. आपला एक गुण जास्त झाला म्हणून हरलो होतो. मग? सांग, कोण जिंकलं?”

त्याने फोन दुसऱ्या कानाला धरला. लंब्या बोलतच होता. निकाल वाचल्यापासून अर्ध्या तासाच्या आत कर्णधाराने हरकत घ्यायची, त्यानंतर निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण त्या अर्ध्या तासात कुणाला शुद्ध होती, सगळे तुझ्याभोवती गोळा झालेले, वगैरे. मग थांबून म्हणाला, “दादाला तू सांगशील ना? तुमचं बोलणं आहे ना?”

“आहे की,” तो म्हणाला. दादा म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ, संघाचा कर्णधार. आणि बोलणं म्हणजे आई आजारी असताना औषधांबद्दल झालेलं, आणि आई गेल्यावर तिच्या कपाटाबद्दल झालेलं. तेवढं बोलणं होतं.

फोन बंद झाल्यावर तो बराच वेळ तसाच उभा राहिला. खालून जोडीदाराने हाक मारली, “साहेब, वर झोपलात काय?” त्याने ओ दिली, डबा जिच्यावरून सरकतो त्या रेलवरून फडकं फिरवलं, पुन्हा त्याच रेलवरून फिरवलं. क्रॉस कंट्रीत एका संघाचे जास्तीत जास्त सात जण पळतात आणि पहिल्या पाचांचे क्रमांक मोजतात. त्यांची बेरीज सगळ्यांत कमी तो संघ जिंकतो. पहिला कोण ते लोक लक्षात ठेवतात. पण बेरीज बिघडवतो तो पाचवाच, कारण पहिले चौघे कितीही पुढे गेले तरी गाडी त्याच्यावर अडते. पाचामुखी परमेश्वर म्हणतात; यांच्या संघात सगळं पाचव्याच्या मुखी होतं. त्याला पाचव्या म्हणायला लागले तेव्हा ते कौतुकाने म्हणत होते. नांगरट, मग ओढा, मग तो मोडका चढ, मग कालव्याची कडा, आणि शेवटी मैदानातला सरळ गवताचा पट्टा, जिथे दोन्ही बाजूंनी दोर लावून वाट निमुळती करत नेली होती. त्या पट्ट्यात शिरला तेव्हा त्याच्या मागे कुणी नव्हतं. मग पावलं आली. ओल्या गवतातून बुटांचा आवाज कसा येतो ते त्याने आयुष्यात पुन्हा कुणाला समजावून सांगितलं नाही, पण त्याच्या कानातून तो कधी गेला नाही. एक लाल बनियन खांद्याला घासून पुढे गेलं. त्याचे पाय होते, पण ते त्याचं ऐकत नव्हते. शेवटची रेघ ओलांडून, दोरांच्या आत दोन पावलं टाकून तो आडवा झाला.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आभाळ. संघाच्या सरांचे धुळकट बूट, गाडी आणायला धावत गेलेले. आणि दादा. दादा दुसरा आला होता, श्वास कधीच जागेवर आलेला, आणि याच्या डोक्यापाशी मांडी घालून बसला होता. याचा एक बूट कुणी काढला होता तो दादाच्या हातात होता. लाउडस्पीकरवरून निकाल वाचला गेला. एका गुणाने. पुढच्या मोठ्या स्पर्धेला फक्त जिंकलेला संघ जायचा, एकट्यादुकट्याला वाव नव्हता. दादाचं ते कॉलेजचं शेवटचं वर्ष. याने डोळे उघडून दादाकडे पाहिलं. दादा याच्याकडे पाहत नव्हता. तो मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता. नजर काढायचा, मैदानाच्या पलीकडे पंचांच्या टेबलाकडे बघायचा, आणि पुन्हा घड्याळाकडे. कितीतरी वेळ. कधी एकदा हे लोढणं घरी पोचवतोय आणि सुटतोय, असं. “दादा, सॉरी,” हा म्हणाला. दादाने बूट खाली ठेवला, ‘पडून राहा’ म्हणाला, आणि पुन्हा घड्याळात पाहिलं.

त्या घड्याळात पाहण्याने त्याचं जे व्हायचं ते झालं. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर तो उठला असता, पुढच्या वर्षी फाटेस्तोवर पळाला असता. पण ज्याची लाज वाटून माणूस बघतही नाही, त्याने कोणत्या तोंडाने उठायचं? तो पुन्हा पळाला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मोरीत उभं राहून त्याने तोंड धुतलं, आणि आईने टॉवेल उचलून डोक्याला हात लावला. “शर्यतीला गेला होतास की दौत प्यायला?” टॉवेलवर निळे डाग. त्या वर्षी छापील नंबर वेळेवर आले नव्हते, म्हणून हरेकाच्या हाताच्या पाठीवर निळ्या शाईने आकडा काढला होता, आणि हा सगळी शर्यतभर तोंडाचा फेस त्याच हाताने पुसत होता. आई हसली. दादा घरी नव्हता; तो जेवायच्या वेळेला आला आणि ताटावर मान खाली घालून बसला. त्या दिवसापासून ती मान त्याच्यासमोर कधी नीट वर झाली नाही. दादाने पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीची नोकरी धरली, लग्न केलं, वेगळं घर केलं. भांडण असतं तर मिटलं असतं. भांडण नव्हतंच.

तो काम संपवून रस्त्यावर आला तेव्हा अजून ऊन होतं. लोक कामावरून सुटत होते. नेहमीसारखी मागून पावलं आली, नेहमीसारखा तो बाजूला सरकला, आणि एक माणूस घाईत पुढे निघून गेला. हीही त्याची सवय. रांगेत, दारात, बढतीच्या वेळी, मागून कुणी आलं की बाजू द्यायची. मुख्य मेकॅनिकची जागा रिकामी झाली तेव्हा साहेबाने त्याला दोनदा विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता की मागचा पोरगा हुशार आहे, त्याला द्या. बायको आठ दिवस बोलली नव्हती. मग म्हणाली, “तुम्हाला जिंकायची भीती वाटते.” चूक. त्याला जिंकायची भीती नव्हती; आपल्या भरवशावर कुणी काही ठेवील याची होती. आणि आता लंब्या म्हणतो, जो पुढे गेला तो मोजायचाच नव्हता. जो खांद्याला घासून गेला तो हिशोबात नव्हताच. मग कशाला बाजू दिली एवढी वर्षं? कुणाला दिली? त्याच्या छातीत काहीतरी उसळलं आणि तो फुटपाथवर थांबला. आनंद असावा असं वाटलं, पण नव्हता. चोरी झालेल्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं: काय काय गेलं ते एकेक करून आठवत होतं आणि संपत नव्हतं.

एकच गोष्ट परत मिळण्यासारखी होती. दादाने एकदा म्हणायचं, ‘तुझी चूक नव्हती.’ बाकी काही नको. तीन शब्द, पण मान वर करून. ते मिळालं तर उरलेली वर्षं तो माणसासारखा जगेल, आणि नाही मिळालं तर काय, याचा विचार करायला तो तयार नव्हता. वाटेत त्याने वाक्यं जुळवली. ‘दादा, एक गंमत झाली.’ नको, गंमत नको. ‘दादा, लंब्याचा फोन आला होता.’ दादाच्या इमारतीत लिफ्ट आहे, पण हा कधीच लिफ्टने जात नाही. दिवसभर तेच बघतो, म्हणतो. खरं म्हणजे जिने तो अजून दोन दोन पायऱ्यांनी चढतो, कुणी बघत नसताना. पळण्यातलं तेवढंच त्याने चोरून स्वतःपाशी ठेवलेलं. कंपनीचा डॉक्टर दरवर्षी तपासतो, शाफ्टमध्ये चक्कर येऊन चालत नाही म्हणून, आणि दरवर्षी त्याच्या छातीवर थाप मारून म्हणतो, “काळीज घोड्याचं आहे तुमचं. कुणाला तरी उसनं द्या.” चार मजले चढून त्याने बेल दाबली तेव्हा त्याला दमही लागला नव्हता.

दार वहिनीने उघडलं. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग आश्चर्य. “भाऊजी? सगळं ठीक ना?” त्याने हो म्हटलं. दादा गॅलरीत स्टुलावर बसून गरम पाण्याच्या टबात पाय सोडून होता. सकाळची पाळी करून आला होता. पाण्यात ते पाय मोठे दिसत होते, बोटं वाकडी, नखं काळी. पूर्वी त्या पायांकडे बघून हा पळायला शिकला होता. वहिनीने खुर्ची दिली आणि चहाच्या निमित्ताने आत गेली, शहाणी बाई.

“दादा, लंब्याचा फोन आला होता.”

दादाने मान हलवली.

“त्या वर्षीचा निकाल चुकला होता म्हणे. लालवाले चारच पोचले होते. त्यांना काढलं की आपण एका गुणाने...” सगळी जुळवलेली वाक्यं उडून गेली. “आपण जिंकलो होतो, दादा. मी हरवलं नव्हतं.”

टबातलं पाणी थोडं हललं. दादा खाली रस्त्याकडे बघत होता. तो म्हणाला, “मला ठाऊक आहे.”

“तुलाही केला त्याने फोन?”

“नाही. मला तेव्हाच ठाऊक होतं.” दादाने पाय पाण्याबाहेर काढले नाहीत, मानही फिरवली नाही. पंपावरच्या वहीत नोंद सांगावी तसा सपाट आवाज. “मी लवकर आत आलो होतो. दोरापाशी उभा राहून मोजत होतो, आपले किती, त्यांचे किती. लालवाले चारच आले. पाचवा सुरुवातीलाच सुसाट पुढे सुटला होता, तो ओढ्यापाशी पाय धरून बसलेला मी जाताना बघितला होता. निकाल वाचला तेव्हाच कळलं की पंच चुकलेत.”

“मग हरकत?”

दादाने टबातल्या पाण्यात पाय हलवले. आणि मग याच्यासमोर ते मैदान आलं, ते आभाळ, हातातला बूट, आणि घड्याळ. पंचांच्या टेबलाकडे बघायचं, आणि घड्याळाकडे. टेबल काही फार लांब नव्हतं. चालत गेला असता तरी पोचला असता. दादा त्याला घरी न्यायची घाई करत नव्हता. दादा अर्धा तास संपायची वाट बघत होता.

“तू बसून राहिलास,” तो म्हणाला. “घड्याळ बघत बसून राहिलास.”

“हो.”

“का?” हा उभा राहिला होता, कधी ते त्याला कळलं नाही. “मी त्या पायी... दादा, मी त्या पायी काय काय सोडलं तुला माहीत आहे? तू माझ्याकडे बघत नव्हतास. मला वाटलं, तुझं आयुष्य घालवलं मी. लाज वाटते तुला माझी. एवढी वर्षं! एक शब्द सांगायला काय जात होतं तुझं?”

“सांगितलं असतं तर पळाला असतास.”

“पळालो असतोच!”

“म्हणूनच.” आता दादाने मान वर केली. म्हातारा दिसत होता. डोळ्यांखालची कातडी सैल झाली होती. “जिंकलो असतो तर पुढची मोठी स्पर्धा होती, तीही उंच डोंगरावर. तू आला असतास. सरांनी, आईने, कुणीही अडवून तू ऐकणारा नव्हतास. छोट्या, तू शाळेत होतास बाबा गेले तेव्हा. मी तिथे होतो. जिन्यात हातातली पिशवी खाली ठेवली, पायरीवर बसले आणि माझ्याकडे बघितलं. ओठ निळे. असे निळे की... मी आईलाही कधी सांगितलं नाही.” त्याने ओल्या हाताने तोंड पुसलं. “तू दोरात पडलास. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. तुझे ओठ निळे होते. तस्सेच. मी म्हटलं, संपलं, हा पण. मग तू डोळे उघडलेस. मी तेव्हाच ठरवलं, याला पुन्हा पळू द्यायचं नाही. जिंकलो नाही तर तू आपोआप सोडशील. तू सोडलंस. पण मग तुझ्याकडे बघायचं कसं? मी तुला हरवून ठेवलं होतं. तू सॉरी म्हणालास रे मला.”

आत कपबशीचा आवाज झाला आणि थांबला. वहिनी दारापाशी उभी असणार. तो खाली बसला. त्याच्या डोळ्यांसमोर टॉवेल होता. आईच्या हातातला टॉवेल, त्यावर निळे डाग, आणि आई हसतेय. शर्यतीला गेला होतास की दौत प्यायला. जीभ निळी, ओठ निळे, हाताच्या पाठीवरचा आकडा पुसून पुसून नुसता फराटा उरलेला. दादा जेवायच्या वेळेला आला तोवर सगळं धुऊन झालं होतं. आईने सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? पोराने शाई खाल्ली. एवढंच. त्या एवढ्याशा शाईने दादाची ती स्पर्धा गेली, याची सगळी वर्षं गेली, दोन भाऊ एका शहरात राहून एकमेकांना मुके झाले. त्याला हसू फुटेल असं वाटलं, आणि ते फुटलं असतं तर थांबलं नसतं.

दादा त्याच्याकडे बघत होता. मान वर करून, सरळ. त्याला जे हवं होतं ते हेच होतं, आणि ते असं हवं नव्हतं. सांगावं? दोन शब्दांचं काम. ‘शाई होती.’ त्याचा अधिकार होता. न्याय त्याच्या बाजूला होता. आणि मग दादाचं काय होईल ते तो या शहरातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगलं जाणत होता. आपण ज्याच्यासाठी सगळं दिलं ते मुळात नव्हतंच, हे ऐकल्यावर माणूस फुटपाथवर कसा थांबतो, ते त्याने आजच अनुभवलं होतं.

“आता छाती बरी असते ना?” दादाने विचारलं. अगदी हळू. इतकी वर्षं हाच प्रश्न तोंडात धरून बसल्यासारखा.

मागून पावलं आल्यासारखं त्याला वाटलं. त्याने बाजू दिली.

“औषध चालू आहे,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणतात जपायला हवं. जन्माचंच आहे म्हणे, बाबांसारखं. लहानपणी पळत राहिलो असतो तर कठीण होतं, असं म्हणाले.”

“असं म्हणाले?”

“स्पष्ट म्हणाले.”

दादाचे खांदे खाली आले. एवढे खाली आले की ते आजवर वर होते हे तेव्हाच समजलं. त्याने तोंड फिरवलं, पण याला दिसलं. दादा रडत होता, आणि त्या रडण्यात सुख होतं. हे दुसऱ्याला दिलेलं सुख बघत बसणं त्याला फार जड गेलं. वहिनी चहा घेऊन आली. दादा नाक पुसत तिला म्हणाला, “याला साखर कमी दे. हृदयाचं आहे.” तिने कपाळाला आठ्या घातल्या. “आणि चार जिने चढून आलात, भाऊजी? लिफ्ट आहे ना!”

निघताना दादा ऐकेना. ओल्या पायांत चपला सरकवून खाली पोचवायला आला. लिफ्टमध्ये त्याने याचं कोपर धरलं, म्हाताऱ्या माणसाचं धरतात तसं. डाव्या बाजूची रेल कोरडी होती, डबा तिथे घासत उतरत होता. एरवी त्याने लगेच तेल घालायला सांगितलं असतं. दादा म्हणाला, “दर रविवारी येत जा. जिने चढू नकोस पण.” त्याने हो म्हटलं. दादा फाटकापर्यंत आला. “सावकाश जा रे छोट्या. पळू नकोस.”

रस्ता सरळ होता, कोपऱ्यापर्यंत रिकामा. त्याच्या छातीत ते घोड्याचं काळीज धाडधाड वाजत होतं, आणि पायांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं पळावंसं वाटत होतं. पण दादा फाटकात उभा होता. म्हणून एक हात छातीशी धरून, मधूनमधून थांबत, तो हळूहळू चालत राहिला.